सात नंबरची चिठ्ठी

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण गेल्या मे महिन्यात, जालन्यात, भरदुपारी हे माझ्या मावसबहिणीसोबत, सुरेखासोबत घडलंय. देवाशपथ.

मोंढ्याच्या बाजारामागं निजामाच्या काळातला साबणाचा बंद कारखाना आहे. तेव्हा लोक रिठ्यावर नाहीतर राखेवर भागवायचे, म्हणून इथला साबण खपवायला गावोगाव हलगी वाजवावी लागायची म्हणे! त्याच कारखान्यातली पॅकिंगची खोली सुरेखाच्या बचत गटानं भाड्यानं घेतली. सुरेखा सोडून सहा बाया. प्रत्येकीला एक नंबर, एक शिक्का. खोक्यात साबण भरला की नंबर मारलेली चिठ्ठी आत टाकायची, म्हणजे तक्रार आली तर खोकं कोणाच्या हातचं ते कळतं.

पहिलीच ऑर्डर. ती हातची गेली तर गट मोडलाच.

माल पोचल्यावर आठवड्यात अंबडहून दुकानदाराचा फोन आला.

"ताई, एक खोकं रिकामं निघालं. आत नुसती चिठ्ठी. सात नंबरची."

सात?

नंबर तर सहाच होते...

सुरेखाला लगेच जन्नतबी आठवली. साठी उलटलेली बाई, चार नंबरची. तरुणपणी याच कारखान्यात पॅकिंगला होती, तेव्हाही बायांना असेच नंबर असायचे. तेव्हाचा सात नंबरचा शिक्का हिनंच दाबून ठेवला असणार! आमच्या सुरेखाचं डोकं म्हणजे तापला तवा. सगळ्यांदेखत हात पुढं केला.

"आणा तुमचा चार नंबरचा शिक्का. उद्यापासून येऊ नका."

जन्नतबीचा चेहरा पांढरा पडला.

"काय बी बोला ताई, पण नंबर घेऊ नका. सात नंबरच्या बाईवर बी असाच आळ आल्ता. रिकामं खोकं सापडलं, साहेबानं नंबर काढून घेतला. घरी पोचलीच न्हाई ती. नंबर घेतला की बाई इथंच राहती."

"बस झाली नाटकं!"

शिक्का सुरेखाच्या पर्समध्ये गेला. जन्नतबी डबा उचलून निघून गेली.

तासाभरानं जेवणाची सुट्टी झाली. सुरेखानं स्वतः कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. पाचही जणी लिंबाखाली भाकरीची फडकी सोडून बसल्या. ती एकेकीवर नजर ठेवून होती. जन्नतबीला सामील कोण?

आणि आतून आवाज आला...

ठप.

थोडं थांबून... ठप.

शिक्का मारल्याचा. पाचही जणी तर समोर होत्या! सगळ्यांचे घास हातातच राहिले.

सुरेखानं कुलूप काढलं.

आवाज थांबला.

आत कोणी न्हाई. टेबलावर एकच खोकं. रिकामं. तळाशी चिठ्ठी, शाई अजून ओली...

चार नंबर.

तिनं घाईनं पर्स उघडली. शिक्का जागेवरच होता. पण हात लावला तर बोटं शाईनं निळी झाली.

तिनं जन्नतबीच्या घरी फोन लावला. घर दहा मिनिटांवर. सुनेनं, अफ्रीननं उचलला.

"अम्मी? घरी कुठं आल्या? कामावर हाईत ना तुमच्याकडं?"

जन्नतबी आजवर सापडली न्हाई. पोलिसांनी विहिरी पाहिल्या, स्टेशन पाहिलं. खोली सुटली, गट मोडला.

शिक्का मात्र सुरेखानं जपून ठेवलाय. परवा मी चिडून म्हणालो, "फेकून दे की एकदाचा!"

ती म्हणाली,

"फेकला, अन् ती मागायला आली तर... काय देऊ तिला?"