टोकं दाराकडे

ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. उडत उडत कानावर आलेली तर मुळीच नाही. माझ्या सख्ख्या काकूच्या बाबतीत घडलेली आहे, आणि शेवटी शेवटी थोडी माझ्याही.

पटलं तर ठीक. नाही पटलं तर काकूकडे जाऊन एकदा चहा प्या, आणि तिचा भाऊ घरात शिरला की त्याची चाल बघा.

आणि हो, रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती. ट्यूबलाइट चालू होत्या आणि बाहेर हॉलभर माणसं बोंबलत होती.

काकूचं काम जरा वेगळं. बास्केटबॉलच्या हॉलमध्ये, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली पंचांची खोली आहे. एक लांब बाक, एक बेसिन, आणि भिंतीला बुटांची मांडणी. त्या बुटांचं सगळं काकूकडे. टेबलावर बसून गुण मोजणाऱ्यांचे साधे चामड्याचे बूट... त्यांना क्रीम, ब्रश, पुन्हा ब्रश. पण कोर्टावर पळणाऱ्या पंचांचे बूट पेटंट लेदरचे. काळे, आरशासारखे. त्यांना पॉलिश लावायचंच नाही. ओलसर फडकं, तेलाचा थेंब, तोंडाची वाफ आणि मऊ कापड, बस्स.

थिनरची बाटली वेगळी. ती फक्त तळव्यांवरचे काळे ओरखडे काढायला. वरच्या चकाकीला एक थेंब लागला तरी ती गेली म्हणून समजा, कायमची.

काकूची एक पद्धत होती. ज्या पंचाची आज मॅच, त्याच्या बुटांची टोकं दाराकडे. ज्याची नाही, त्याची भिंतीकडे. पंच आत आले की न विचारता कळायचं, आज कोण आत आणि कोण बाहेर.

काका लवकर गेले. काकूला मूलबाळ नाही. उरला एक धाकटा भाऊ, बारक्या. उंची सहा फूट, तरी नाव बारक्या! आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवला. तोही पंच झाला. चालायचा कमी, उड्या जास्त मारायचा. जिना कधी एकेक पायरी चढला नाही. काकूला "तायडे" म्हणायचा आणि ती चिडली की आणखी मोठ्याने म्हणायचा. त्याला साधा ताप आला तरी काकूच्या तोंडचं पाणी पळायचं.

पंचांमध्ये सगळ्यात वरचे म्हणजे मोठे साहेब. काकूला ते "बाई" म्हणत. खोलीत आले की पहिला प्रश्न ठरलेला.

"काय बाई, धुतलंत का बुटांचं तोंड?"

मग बूट घालणार. आधी डावा, मग उजवा. कोर्टावर चेंडू उडवण्याआधी डाव्या पायाचं टोक जमिनीवर आपटणार.

टक... टक.

गेल्या मोसमात मॅच संपत आलेली असताना साहेब कोर्टाच्या मधोमध कोसळले. शिट्टी तोंडातच होती. शेवटची शिट्टी दुसऱ्याच कुणीतरी वाजवली. त्यांना उचलून पंचांच्या खोलीत आणलं, आणि पायातले बूट काकूनेच सोडवले. साहेब तोवर गेले होते.

बूट मात्र आतून अजून गरम होते.

ते न्यायला कोणी आलं नाही. टाकून द्यायला काकूचा हात धजला नाही. तिने ते स्वच्छ पुसले आणि खालच्या फळीवर ठेवले. टोकं भिंतीकडे.

नवा मोसम सुरू झाला. पहिल्याच मॅचला काकूने खोली उघडली, दिवा लावला...

साहेबांच्या बुटांची टोकं दाराकडे.

तिने पहारेकऱ्याला गाठलं. "त्या बुटांना हात कोणी लावला?"

"मी कशाला लावू? मेलेल्या माणसाचे बूट घालून मला कुठे वरातीत जायचंय?"

काकूला हसू आलं. तिने बूट भिंतीकडे वळवले आणि कामाला लागली.

पुढच्या मॅचला... पुन्हा दाराकडे.

या वेळी तिने बूट उचलून उलटा केला. तळव्यावर ओरखडा होता. कोर्टावर धावताना वळलं की उठतो, तसा काळा, ताजा ओरखडा. हे तळवे तिने स्वतः साफ करून ठेवले होते.

मग आवाज सुरू झाला.

काकू एकटी असायची. बाहेर बोळात चिटपाखरू नसायचं. हातात फडकं, समोर बूट, आणि दाराबाहेर...

टक... टक.

ती दार उघडायची. बोळ रिकामा.

एके दुपारी तिने मन घट्ट केलं आणि साहेबांचा डावा बूट मांडीवर घेतला. वाफ सोडली, पुसला. टोकात खोली दिसायला लागली. ट्यूबलाइट दिसली, बेसिन दिसलं, तिच्या पाठीमागचं दार दिसलं...

दार सताड उघडं होतं.

काकूने गर्रकन मागे पाहिलं. दाराला आतून कडी होती.

तिने पुन्हा बुटात पाहिलं नाही. डोळे मिटूनच तो फळीवर ठेवला. त्या दिवशी तिने हे कोणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी कोणाला? बारक्या तर पोट धरून हसला असता.

आणि नेमकी त्याच आठवड्यात बातमी आली. फायनलला मुख्य पंच म्हणून बारक्याचं नाव लागलं.

बारक्याने घर डोक्यावर घेतलं. काकूचा आनंद गगनात मावेना. पण जेवताना तिने पाहिलं, तो छातीवरून हात फिरवत होता.

"काय होतंय रे?"

"ॲसिडिटी गं तायडे. तू लगेच तिरडी बांधायला घेऊ नकोस!"

"मेल्या, असलं अभद्र बोलू नकोस."

जाण्याआधी साहेबही महिनाभर ॲसिडिटीच म्हणत होते.

फायनलच्या दुपारी काकू लवकर गेली. बारक्याचे बूट तिने जीव ओतून पुसले. टोकं दाराकडे ठेवली. बेसिनवर फडकं पिळायला वळली, परत आली...

बारक्याचे बूट भिंतीकडे तोंड करून होते.

खालच्या फळीवर साहेबांचे बूट. दाराकडे.

काकूने दोन्ही जोड वळवले. आणि या वेळी ती तिथेच उभी राहिली, डोळ्यांत तेल घालून. काही झालं नाही. बाहेर कोणीतरी खुर्ची पाडली म्हणून तिची नजर क्षणभर दाराकडे गेली...

बारक्याचे भिंतीकडे. साहेबांचे दाराकडे.

तिला एकदम उमगलं. निदान त्या घडीला तिला तसं वाटलं. साहेब सांगत होते, तुमच्या भावाला आज सोडू नका बाई. माझं जे झालं तेच त्याचं होईल.

बोळात बारक्याची शीळ ऐकू आली. विचार करायला वेळ नव्हता. काकूने थिनरची बाटली उचलली, कापडावर ओतली आणि बारक्याच्या दोन्ही बुटांची टोकं खसाखसा घासली. चकाकी चिकट होऊन कापडावर आली. खाली उरला मेलेला, राखाडी डाग.

बुटांवर जीव असलेल्या बाईने स्वतःच्या हाताने असं करायचं म्हणजे काय, ते तिचं तिला ठाऊक.

बारक्या आत आला. बूट पाहिले आणि त्याचा चेहराच उतरला.

"तायडे! हे काय झालं?"

"थिनर सांडलं."

"तुझ्याकडून? तू झोपेतसुद्धा पेटंटला थिनर लावणार नाहीस!"

"बारक्या, माझं ऐक. आज नको जाऊस. राखीव पंच आहेत, ते जातील. तुला माझ्या गळ्याची शपथ."

"वेड लागलंय का तुला? इतकी वर्षं मी याच मॅचसाठी राबतोय!" त्याने एक बूट उचलून तिच्यासमोर धरला. "तू? तू असं केलंस?"

काकूला त्याच्याकडे बघवेना. बूट डागाळलेले असले तर सामन्याचे निरीक्षक कोणालाही कोर्टावर सोडत नसत, हे तिला पक्कं माहीत होतं. "मी निरीक्षकांना सांगून येते," म्हणाली आणि बाहेर पडली. मनात एकच... वाचला. चिडू दे, आयुष्यभर बोलला नाही तरी चालेल, पण वाचला.

निरीक्षक टेबलापाशी भेटले. तिने सांगितलं, बारक्याचे बूट खराब झालेत, राखीव पंचांना पाठवा. त्यांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"अहो, काय सांगताय! तो बघा, आलाही कोर्टावर. काय चमकतायत बूट!"

काकू धावत खोलीत आली.

बाकावर बारक्याच्या चपला होत्या. त्याचे डागाळलेले बूट भिंतीकडे तोंड करून होते.

खालची फळी... रिकामी होती.

साहेबांचं आणि बारक्याचं माप एकच. ही गोष्ट हॉलमधल्या कोणापेक्षाही काकूला जास्त माहीत होती. तरी त्या घडीला ती तिच्या डोक्यातच आली नाही. सावध करायला नव्हतेच ते बूट फिरत. त्यांना पाय हवे होते, आणि आपल्या भावाचे पाय तिने आपल्या हाताने त्यांच्या स्वाधीन केले होते.

त्या दिवशी मी वर प्रेक्षकांत होतो. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की आमचा बारक्यामामा आज उड्या मारत नाहीये. सावकाश, एकेक पाऊल तोलून चालतोय. तो मधल्या वर्तुळात उभा राहिला. चेंडू हातात घेतला...

डाव्या पायाचं टोक जमिनीवर आपटलं. दोनदा.

एवढ्या गोंगाटात तो आवाज ऐकू यायला नको होता. मला आला. कोर्टाच्या कडेला काकू उभी होती, तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

मॅच उत्तम झाली. एकही वाद नाही. जुनी माणसं आपापसांत म्हणत होती, अगदी मोठ्या साहेबांची आठवण करून दिली पोराने! आणि शेवटी शिट्टी वाजली. लांब... आणखी लांब... कोणीतरी ती वर्षभर छातीत कोंडून ठेवली असावी, इतकी लांब.

काकूने हात जोडले. "झालं ना तुमचं, साहेब? राहिलेली शिट्टी वाजली. आता माझा भाऊ मला परत द्या."

ती खोलीत जाऊन बसली. पावलं आली. तो आत शिरला, बाकावर टेकला, बूट काढले. आधी डावा, मग उजवा. मग स्वतः उठून ते खालच्या फळीवर ठेवले.

टोकं दाराकडे.

आणि काकूकडे बघून हसला.

"काय बाई, धुतलंत का बुटांचं तोंड?"

बारक्याने जन्मात कधी काकूला अहोजाहो केलं नव्हतं.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. हृदय एकदम ठणठणीत. लोक म्हणतात, फायनलनंतर पोरगा किती शांत झाला, किती समजूतदार झाला. जिना एकेक पायरी चढतो. ताटातलं निमूट खातो, उठताना "चांगलं झालं होतं, बाई" म्हणतो. काकू त्याला वाढते. काही लागलं तर विचारते. पण त्याला बारक्या म्हणून हाक मारत नाही.

साहेबांचे बूट तिने एकदा लांब नेऊन टाकले होते. तो नवीन घेऊन आला. तसेच, त्याच मापाचे.

बारक्याचे डागाळलेले बूट मात्र अजून मांडणीवर आहेत. प्रत्येक मॅचला काकू ते पुसते. त्यांना आता चमक येणार नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी पुसते आणि तो खोलीत नसला की टोकं दाराकडे करून ठेवते. म्हणते, त्याला वाटू नये की ताईने त्याला बाहेर काढलं.

मागच्या आठवड्यात तिने मला खोलीत बोलावून घेतलं. मांडणीवरच्या त्या डागाळलेल्या बुटांकडे बोट दाखवलं.

"हात घाल आत."

"काकू, अगं..."

"घाल रे. मला खरंच तसं लागतंय की वेड लागलंय, ते कळू दे."

मी डाव्या बुटात हात घातला.

बूट आतून गरम होता. आत्ताच कोणीतरी पळून येऊन काढल्यासारखा गरम, ओलसर.

मी हात झटकन बाहेर काढला. काकू माझ्या तोंडाकडे पाहत होती. मला बोलावं लागलं नाही. तिने तो जोड उचलून छातीशी धरला आणि माझ्यादेखत ढसाढसा रडली. "इथेच आहेस ना रे? बारक्या, इथेच आहेस ना?"

तेवढ्यात दाराबाहेर वाजलं...

टक... टक.

काकूने डोळे पुसले. बूट घाईघाईने फळीवर ठेवले, टोकं भिंतीकडे केली आणि त्यांच्यावर फडकं टाकलं.

"मॅच संपली की पुन्हा वळवते हं, बाळा," ती बुटांशी पुटपुटली आणि कडी काढायला गेली.