छातीच्या उंचीवरचे कंदील

नाताळ पुरवणीसाठी अर्धं पान लिहून आणायचं, एवढंच काम होतं. पूर्णा गावाबाहेर रुळांपलीकडे गोऱ्या इंजिनिअरचा जुना बंगला आहे. माणिकरावांनी तो विकत घेऊन हॉटेल केलं आणि यंदा १९३६ सालासारखा सजवायला काढला. बत्तीस वर्षं मंत्र्यांना आडवे प्रश्न विचारणाऱ्या मला संपादकानं झेंडूच्या माळा बघायला पाठवलं. हॉटेलची जाहिरात मोठी होती. गेलो.

माणिकरावांकडे त्या सालच्या नाताळाचा फोटो होता. त्याबरहुकूम सगळं चाललेलं : दारात केळीचे खांब, कागदी चांदणी, मेजावर लेसचं कापड. एकच गोष्ट जमेना. फोटोत अंधाऱ्या व्हरांड्यासमोर बारा कंदील होते. एका ओळीत, छातीच्या उंचीवर.

"टांगले कशाला असतील हो? खिळा न्हाई, कडी न्हाई," माणिकराव म्हणाले. "सध्या पायरीवर ठेवायलोय. उद्या तार ओढू."

फरशी पुसणाऱ्या कमलबाई मान वर न करता बोलल्या, "टांगले नव्हते. धरले होते."

"तुमी पुसा गुमान. म्हातारीला लय ठाव!"

ते आत गेल्यावर कमलबाई जवळ आल्या. "दादा, बड्या दिनाला रुळावरच्या गँगची माणसं उभी करायचे. पाव्हणे जाईस्तोवर कंदील खाली आणायचा न्हाई. माझा आजा, लिंबाजी, टोकाला होता. अंगात ताप. सकाळी बगितलं तर उभ्या उभ्या गेलेला... हात तसाच वर." त्यांनी ओला हात पदराला पुसला. "तेवढं नाव छापा. कुठंच न्हाई ते."

"छापतो. शब्द देतो."

दिवेलागणीला गड्यानं बारा कंदील पेटवून पायरीवर मांडले. आम्ही अंगणात उभे होतो. तेवढ्यात लाईट गेली... रॉकेलच्या वासात ओल्या घोंगडीचा वास मिसळला. कुणीतरी दाबून खोकलं. मी वळून पाहिलं. पायरी मोकळी होती. कंदील वर होते. एका ओळीत. टोकाचा थरथरत होता.

"कुणी... कुणी टांगले?" माणिकराव पुटपुटले.

कमलबाईंनी नुसते हात जोडले.

मी बारा मोजले आणि फोटो काढला. मजकूर पाठवला तो लिंबाजीचं नाव पहिल्या ओळीत घालून. संपादकाचा फोन आला. "जाहिरातदाराच्या पानावर मढं कशाला?"

निवृत्तीला चार महिने उरले होते. मी "बरं" म्हणालो.

मजकूर नावाशिवाय छापून आला. छापलेल्या फोटोत कंदील अकराच आहेत.

माझं घर परभणीत, दुसऱ्या मजल्यावर. तेव्हापासून रोज दिवेलागणीला दाराच्या काचेवर पिवळा उजेड येतो. छातीच्या उंचीवर, थरथरता. तो दार वाजवत नाही. नुसता उभा राहतो. कंदील खाली ठेव म्हणायचं तर नावानं हाक मारावी लागेल. नाव ओठांवर येतं... आवाज फुटत नाही.

बाकीच्या अकरा जणांची नावं तर मी विचारलीही नव्हती.

काल दाराबाहेर दोन कंदील होते.