तिच्या मापाची सीट

चढावर एक जुनी पिकअप मागे मागे सरकत होती आणि आतून एक मुलगी ओरडत होती, "अहो, बघत काय उभे राहिलात? चाकाला दगड लावा!"

मी दगड लावला. भुरभुर पाऊस होता. मागच्या हौद्यात रोपांच्या कुंड्या, त्यातल्या निम्म्या आडव्या. ती खाली उतरली. उंची जेमतेम माझ्या खांद्याला... आणि बघत होती अशी, जणू गाडी मीच बंद पाडली.

पुढे ती माझी बायको झाली. तिला जाऊन आता वर्ष होईल. लग्न कसं जमलं हे लोकांना तीच सांगायची. आता सांगायला मीच उरलोय.

"इंजिन संपलंय," मी बॉनेट उघडून म्हणालो.

"संपलंय म्हणजे? बाबांची गाडी आहे ती."

"बाबांची असली तरी संपलंय."

तिचे वडील वारले होते. त्यांची रोपवाटिका ती चालवायची, गाडी मात्र काकांच्या नावावर. बंद पडलेली गाडी काका भंगारात देणार, आणि गाडी गेली की रोपवाटिकाही गेली, हे तिनं मला माझ्या गॅरेजपर्यंत गाडी ढकलता ढकलता सांगितलं. अपघातातल्या एका व्हॅनचं इंजिन माझ्याकडे पडून होतं, बरंच नवं. म्हटलं, हे घालून बघू.

"बसेल?"

"बसवलं की बसतं."

"आणि नाही बसलं तर?"

"तर मला ठेवा रोपं वाहायला."

तिला हसू आलं होतं, पण दाबलं.

रोज संध्याकाळी ती गॅरेजात यायची. जुनं इंजिन साखळीनं वर उचललं तेव्हा तिनं तोंड फिरवलं. नवं आत उतरवलं, तर ते टेकवायचे पाये जुळेनात. ते नवे वेल्ड केले. गिअरबॉक्स आखूड निघाला, त्यामुळे लिव्हर फार पुढे आला. सरळ उपाय म्हणजे लिव्हरला जोड द्यायचा. मी सीटच पुढे घेतली. सीटही त्या व्हॅनचीच घातली, पण तिचे मागेपुढे सरकायचे रूळ जुन्या पत्र्यावर बसेनात, म्हणून थेट बोल्ट मारायचं ठरवलं.

"बसा. क्लच दाबा. पाय पोचतो?"

"थोडं पुढे, मेस्त्री."

"एवढं?"

"अजून... हां, एवढं."

मी वाकून खडूनं खुणा केल्या. तिचा गुडघा, माझा हात, मध्ये चार बोटं जागा.

"क्लच सोडा आता," मी म्हणालो.

"तुम्ही आधी श्वास सोडा," ती म्हणाली.

गाडी सुरू झाली आणि तिथंच घोटाळा झाला. बंद गाडीला कुणी विचारत नव्हतं, चालू गाडीला गिऱ्हाईक मिळालं. काका त्याला घेऊनच गॅरेजात आले. चांगला उंच, धिप्पाड माणूस. तिचा चेहरा उतरला. पण गाडी काकांची.

तो आत शिरला. गुडघे स्टिअरिंगला अडले. पाय कसाबसा पेडलपर्यंत नेला, तर बाहेर निघेना.

"सीट मागे घ्या की!"

"जात नाही. बोल्ट मारलेत."

"बोल्ट?" काका खेकसले. "कुणाच्या मापानं?"

खोटं सुचलं नाही. "हिच्या."

"मग बाकीच्यांनी काय करायचं?"

"बाकीच्यांचा... विचारच केला नाही मी."

त्या माणसानं एकेक पाय ओढून बाहेर काढला आणि हसत म्हणाला, "काका, ही गाडी विकायला नाही केलेली." आणि तो निघून गेला.

काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पुतणीकडे वळले. "तुला माहीत होतं हे?"

"माप देताना कळलं," ती खाली बघून म्हणाली.

काकांनी किल्ली तिच्या हातात दिली. मला म्हणाले, "रविवारी घरी या. आईवडिलांना घेऊन."

लग्नानंतर गाडी कायम तीच चालवायची. मी शेजारी. तिची सीट पुढे, माझी मागे, त्यामुळे मला तिचा अर्धा गाल दिसायचा, कान दिसायचा. ती आजारी पडली तोवर आम्ही असेच फिरलो.

रोपवाटिका आता आमची मुलगी बघते. उंचीला माझ्यावर गेलीये. मागच्या आठवड्यात म्हणाली, "बाबा, मला यात बसताच येत नाही. सीट मागे घ्यायची का?... तुम्हाला चालेल ना?"

मी म्हटलं, "पाना आण."

बोल्ट गंजले होते. दोन सुटले, दोन कापावे लागले. मागे नवी भोकं पाडून सीट बसवली. लेकीचे पाय नीट पोचले, हातही पोचला.

"चला, एक चक्कर मारू," ती म्हणाली.

मी शेजारी बसलो. वाटेत काहीतरी सांगायला म्हणून मान वळवली, तर तिथं नुसती खिडकी. लेकीचा चेहरा वीतभर मागे होता.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही," मी म्हणालो. "तू समोर बघून चालव."