पडद्यामागचं गेंदेर

पामुजी चुकून आमच्या दारात आला. त्याला गल्लीतल्या सुताराकडे जायचं होतं. हातात स्पीकरची अर्धवट झालेली लाकडी पेटी होती. मी ओसरीवर गेंदेर वाजवत होते. काशाच्या पट्ट्या, त्यांच्याखाली बांबूच्या नळ्या. नवी पट्टी वाजवताना आधीची त्याच हाताच्या कडेनं दाबून गप्प करायची. तो उंबऱ्यातच थांबला.

"म्बाक, माझी पेटी या आवाजाशी ताडून बघू का?"

"म्बाक नका म्हणू हो... तुमची थोरली ताई झाल्यासारखं वाटतं."

"मग नावानं हाक मारू?"

"बाबा आत आहेत—"

"मग हळू मारतो."

तो येत राहिला. माझं वादन टेप करायचा, पेटीतून ऐकायचा आणि मान हलवायचा. "अजून तुमचे हात हिच्यात आलेले नाहीत," म्हणायचा. बघायचा मात्र माझ्या हातांकडेच... मी चहा ओतायला उठायचे.

शेवटी बाबाच म्हणाले, "पडदा लावा. पेटी कुठली नि हात कुठला, मी ओळखतो." बाबा छायाबाहुल्यांचे खेळ करायचे. साऱ्या सोलो शहरात त्यांच्या कानाला मान होता. त्यांना फरक कळला नाही, तर पामुजीला इथेच गिऱ्हाइकं मिळणार होती. कळला, तर तो सुराबायाला काकाच्या गोदामात कामाला जाणार होता.

पडद्यामागे मी, शेजारी पेटी. आधी पेटी वाजली, मग मी. फटीतून पामुजी दिसत होता — डोळे मिटलेले, गुडघे हातांनी घट्ट धरलेले.

"दुसरी ती पेटी," बाबा म्हणाले. "सूर एकमेकांत मिसळले. माझी मुलगी असं गिचमिड वाजवत नाही."

पामुजीनं पडदा सारला. माझ्या हातांत अजून वाजवायच्या काठ्या होत्या.

तो हसला नाही. "मी जिंकलो नाही, बाबा. आज यांचाच हात पट्ट्या उशिरा दाबत होता."

"का गं? लक्ष कुठे होतं?"

मी खाली मान घातली. "हे गेले तर... तेवढंच मनात होतं."

बाबांनी गेंदेरकडे पाहिलं. आई जाऊन वर्ष झालं होतं. जन्मभर तिनंच त्यांच्या खेळांना गेंदेरची साथ केली होती.

"लग्न नवीन होतं, तेव्हा तुझी आईसुद्धा पट्ट्या अशाच उशिरा दाबायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, हिचं शिकणं कच्चं राहिलंय. सगळ्यांसमोर रागवायचो तिला."

मग ते चटईवर जरा सरकले.

"बस रे इथे. सुराबायाला कळवून टाक, येत नाही म्हणून."