ढालीवरची पांढरी चीर

सकाळीच आईचा फोन आला. "क्षिप्रा, अंकुरची ढाल गेली गं! भिंतीवर नुसता खिळा उरलाय."

खोट्या विमादाव्यांचं बिंग फोडणं हा क्षिप्राच्या डाव्या हाताचा मळ. पण त्या दिवशी शहराच्या एका टोकाच्या सेंगकांगहून दुसऱ्या टोकाच्या बुकित पंजांगला माहेरी पोहोचेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. महिन्यापूर्वी, २००६च्या मार्चमध्ये, तिचा भाऊ अंकुर जर्मनीत अपघातात गेला होता. त्याची आठवण म्हणून तिला ती एकच वस्तू हवी होती.

ढाल चिनी मातीची, हातभर, चांगली जड. अंकुर नोकरी करायचा त्या लिंडनफुर्ट नावाच्या चिमुकल्या गावाचं चिन्ह तिच्यावर होतं: निळ्यावर सोनेरी बगळा आणि मधोमध पांढरी चीर. ती चीर का, हे त्याने ढाल घरी आणली तेव्हा सगळ्यांना जेवताना रंगवून सांगितलं होतं. तिथल्या सरदाराच्या घराण्यातला शेवटचा माणूस गेला, तेव्हा मागे कोणीच नाही म्हणून त्याची ढाल फोडून थडग्यात ठेवली. पुढे गावाने तीच आपली मानली, मोडल्याच्या खुणेसकट.

"सीतीनेच नेली असणार," आई, म्हणजे नीताताई, कामाच्या मुलीकडे बघत म्हणाल्या. सीती रडकुंडीला आली होती.

"सीती, तू शेवटची कधी पाहिलीस?" क्षिप्राने इंग्रजीत विचारलं.

"संडे मॉर्निंग, मॅडम. बिफोर यू ऑल गो चांगी."

रविवारी चांगीहून होडीने जाऊन त्यांनी अंकुरच्या अस्थी समुद्रात सोडल्या होत्या.

क्षिप्रा बाल्कनीत गेली. हातोडीशेजारी एक निळी कपची पडली होती. ती उचलून क्षिप्रा वडिलांसमोर आली.

"बाबा, रविवारी अस्थींची पिशवी कोणाच्याच हातात का दिली नाहीत?"

"बापाचं काम होतं ते," पद्माकर म्हणाले.

"दोन्ही हातांनी उचलत होतात. अस्थी इतक्या जड नसतात. सीतीने चोरली असती, तर अख्खी नेली असती; फोडली कशाला असती? त्या सरदाराच्या ढालीचं जे केलं, तेच तुम्ही केलंत. तुकडे अस्थींबरोबर पाण्यात सोडलेत."

नीताताईंनी सीतीकडे पाहिलं. पद्माकरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"हो, मीच फोडली. घराणंच बुडालं माझं."

क्षिप्राने निळी कपची त्यांच्यापुढे धरली. "पण बाबा, मागे कोणीच उरलं नाही तर फोडतात ना?"

पद्माकरांनी मान वर केली आणि अगदी मनापासून विचारलं, "मग कोण उरलंय गं?"

क्षिप्रा त्यांच्यासमोरच उभी होती.