पावसाला भिणारी लाईन

"ओ, तिथून नका जाऊ!"

मारिसेला ओरडली तेव्हा तो माणूस हातात कॉफी घेऊन थेट तिच्या डिशसमोर उभा होता. वणवा विझवायला आलेल्यांचा तळ शाळेच्या मैदानावर पडला होता आणि नॅशनल गार्ड या राखीव लष्कराची सॅटेलाईट डिश तिच्या ताब्यात होती. चालू डिशमधून जोरदार लहरी निघतात, तिच्या तोंडासमोरून कुणी जायचं नाही, हा मारिसेलाचा पहिला नियम.

तो दचकून बाजूला झाला आणि स्वतःकडे खालीवर बघत म्हणाला, "भाजलोय का कुठे?"

"अक्कल तेवढी करपलीय. बाकी ठीक."

त्याचं नाव टोबिन. वणवा विझवणाऱ्या तुकडीचा रेडिओवाला. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी नाश्त्याला हिरव्या मिरचीचा बरीटो घेऊन येऊ लागला, डिशला मुद्दाम नको इतका लांबचा वळसा घालून. हसायचं नाही असं ती रोज ठरवायची आणि रोज हसायची. लष्कराची लाईन पावसाला कशी भिते, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने समजावलं. लष्कराची रडारं ज्या लहरींवर चालतात ती एक्स बँड सहसा पावसाला भीक घालत नाही, पण त्या बँडची मोठी डिश या डोंगरात आलीच नव्हती. इथे होती केए बँड. लाडावलेलं पोर नुसतं! एरवी धावून धावून सगळं आणून देईल, पण जोराची सर आली की रुसून बसेल.

"म्हणजे माझ्यासारखीच," टोबिन म्हणाला. "तरी सांभाळतेस ना तिला?"

उत्तर तिच्या ओठांवर होतं... पण तिने ते उद्यावर ढकललं. असे बरेच उद्या गेले.

मग एका दुपारी ढग आले. टोबिनची तुकडी कड्यावर होती. तळावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मारिसेला मात्र झाडांचे शेंडे हलताना बघत होती. पावसाआधी वारा सुटतो आणि वाऱ्याबरोबर आग फिरते. कड्यावर साधा रेडिओ पोचत नव्हता. तिथे होती फक्त टोबिनजवळची छोटी डिश.

आग फिरलीच. ज्या दक्षिणेच्या वाटेने ते चढले होते, त्याच वाटेवर ती धावून आली. इकडे सिग्नल उतरत चालला. जितकं कमी पाठवाल, तितकी लाईन जास्त तग धरते, हे मारिसेलाला ठाऊक होतं. तिने कड्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र बंद करायला हात पुढे केला.

"मला चित्र हवंय," तिच्या वरिष्ठ कॅप्टन रस्किन म्हणाल्या.

"मग माणसं परत मिळणार नाहीत, मॅडम."

कॅप्टननी मान हलवली. मारिसेलाने चित्र बंद केलं, नकाशे बंद केले. उरला फक्त आवाज, तोही घोगरा, तुटक.

"टोबिन, उत्तरेकडून उतरा. दक्षिणेला आग आहे."

"...ऐकू... पुन्हा सांग..."

मनातलं ते दुसरं वाक्य जिभेवर आलं होतं. आता नाही तर कदाचित कधीच नाही, हेही तिला कळत होतं. तिने ते गिळलं.

"उत्तरेकडून, टोबिन. उत्तरेकडून उतरा."

नंतर कानात नुसती खरखर राहिली. पाऊस कोसळला, लोक भिजत नाचले, आणि ती हेडफोन कानाला घट्ट दाबून बसून राहिली. तिला कुणी हाक मारायलाही धजलं नाही.

संध्याकाळी तुकडीचे ट्रक आले. टोबिन सगळ्यांत शेवटी उतरला, चिंब भिजलेला; मानेवरून काजळी ओघळत होती. तो सरळ तिच्यापाशी आला.

"तेच तेच सांगत होतीस," तो म्हणाला. "दुसरं काही... सुचलं नाही?"

"सुचलं होतं. पण एकच वाक्य पोचेल असं वाटलं."

"आणि ते निवडलंस?"

"तू खाली आलाच नसतास, तर ते दुसरं वाक्य कुणाला सांगितलं असतं?"

 तिने त्याचा काजळलेला हात धरला.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "फार घाबरले होते रे."

टोबिनने तिच्या खांद्यावर कपाळ टेकलं, आणि तिने त्याला घट्ट धरून ठेवलं.