साक्षीपत्र्यातलं भोक

मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. घरात त्यावरून थट्टा होते, पण अंबरनाथच्या आमच्या तपासणी खोलीत मला त्याचाच पगार मिळायचा.

१९८९ साली आम्ही रणगाड्याचं नवं चिलखत तपासत होतो. दोन पोलादी पाट्या, मध्ये वीतभर पोकळी. रणगाडाभेदी गोळ्यातून सुटणारा तांब्याचा झोत पहिली पाटी आरपार भेदतो, पण पोकळीत विस्कटतो आणि दुसरीवर दमतो. तिच्यामागे, जिथे चालक बसेल तिथे, एक पातळ पत्रा उभा करतात. त्याला आम्ही साक्षीपत्रा म्हणायचो. चाचणीनंतर तो उन्हात धरायचा. उजेड आरपार आला नाही, तर माणूस वाचला. माझा धाकटा भाऊ श्रीपाद रणगाडा चालवायचा. उद्या याच चिलखतामागे तो बसणार होता.

पहिल्याच पत्र्यातून उजेडाचा एक ठिपका आला. दुसरी पाटी मात्र शाबूत होती.

"पोलादाला काय झाला नाय, मॅडम," आमचे जुने वेल्डर जयदेव म्हणाले. "मंग ह्यो भोक आला कुठना?"

पत्राच खराब असणार, असं मी ठरवलं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारातून स्वतः नवा आणला, आधी उन्हात धरून पाहिला, मगच चाचणीला पाठवला. परत आला तेव्हा भोक तिथंच. चालकाच्या बैठकीपासून सतरा इंच वर, मध्यापासून दोन इंच डावीकडे.

खरं तर मी घाबरायला हवं होतं. मला नुसतं कुतूहल वाटत होतं.

श्रीपाद तेव्हा रजेवर, मांजर्लीला माझ्याकडेच आला होता. मी त्याला खुर्चीवर बसवून टेप लावली.

"ताई, स्वेटर विणतेयस का?"

"गप्प बस. ताठ."

सतरा इंचांवर त्याचं काळीज धडधडत होतं. मी टेपवर तिथंच बोट धरून ठेवलं.

मी अहवालात 'नापास' लिहिलं. साहेब भडकले. "पाटी फुटलीच नाही, तर नापास कशी?" मी हटले नाही. चिलखत रद्द झालं. फार हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपाद अंघोळ करून गॅलरीत डोकं पुसत उभा होता. पाठीवर ऊन. त्याची सावली आतल्या भिंतीवर पडली होती.

सावलीच्या छातीत उजेडाचा एक ठिपका होता.

मी भिंतीवर तळहात ठेवला.

ठिपका माझ्या हातावर आला. कोमट होता.